नुसत्या जाहीरनाम्याने तटस्थ होता येत नाही

१८१२ साली अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारले, त्याची हकिकत बहुतेक ठिकाणी एकाच चालीत सांगितली जाते. युरोपात ब्रिटन आणि फ्रान्स एकमेकांच्या उरावर बसले होते, नवखी अमेरिका आपला व्यापार सांभाळत होती, दोघांनी तिची जहाजे धरली, ब्रिटनने तिचे खलाशी ओढून नेले आणि अखेर तिचा नाइलाज झाला. यातले एकही विधान खोटे नाही. पण अमेरिकेने स्वतः काय केले आणि काय करायचे टाळले, ते या हकिकतीत येत नाही. आजच्या तटस्थ देशांनी घेण्यासारखे जे आहे, ते नेमके तिथेच आहे.

माझे म्हणणे असे की, १७९३ ते १८१२ या काळात अमेरिकेचे जे हक्क टिकले ते तिने बंदरात, कस्टम हाऊसमध्ये आणि न्यायालयात राबवले म्हणून टिकले. जे बुडाले त्यांच्या मुळाशी तिचा स्वतःचाच एक सोयीचा व्यवहार होता, आणि तो मान्य करून सौदा करण्याची तिची तयारी नव्हती. ब्रिटनशी केलेल्या ज्या तहासाठी अमेरिकी दूत जॉन जे यांचे पुतळे गावोगाव जाळले गेले, तो या वीस वर्षांतला सर्वांत शहाणा निर्णय होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जेफरसन यांनी १८०७ मध्ये घातलेली व्यापारबंदी हा सर्वांत वाईट.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २३ डिसेंबर २०२३ रोजी 'केम प्लूटो' या तेलवाहू जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ड्रोन आदळला आणि जहाज मुंबईला आणावे लागले. ध्वज लायबेरियाचा, मालकी जपानी, खलाशी जवळजवळ सगळे भारतीय, तेल सौदी अरेबियातून मंगळूरला निघालेले. असे जहाज कोणाचे मानायचे आणि त्याच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न १७९३ मध्ये तेव्हाची राजधानी फिलाडेल्फियातल्या अमेरिकी अधिकाऱ्यांपुढेही वेगळ्या रूपात होताच.

फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध जाहीर केले ते १ फेब्रुवारी १७९३ रोजी. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २२ एप्रिलला तटस्थतेचा जाहीरनामा काढला, तेव्हा अमेरिका काही कोऱ्या पाटीवर नव्हती. १७७८ मध्ये फ्रान्सशी केलेले दोन तह अंमलात होते. त्यानुसार फ्रेंच प्रायव्हेटियर, म्हणजे सरकारी सनद घेऊन शत्रूची जहाजे पकडणारी खासगी जहाजे, आपली शिकार अमेरिकी बंदरात आणू शकत होती. तो हक्क ब्रिटनला नव्हता. शिवाय ८ एप्रिललाच फ्रान्सचे नवे दूत एडमंड जेने चार्ल्सटनला उतरले होते आणि त्यांनी अमेरिकी बंदरांतच प्रायव्हेटियर सजवायला, त्यांवर अमेरिकी माणसे भरती करायला सुरुवात केली होती. तटस्थतेची पहिली कसोटी अशी घरातच लागली.

सरकारची पहिली फजिती झाली ती राजधानीतच. 'लिटल सेरा' हे ब्रिटिश जहाज फ्रेंचांनी पकडून फिलाडेल्फियाला आणले, त्याचे नाव 'पेतीत देमोक्रात' केले, तोफा वाढवून १४ वर नेल्या आणि जुलैमध्ये सरकारच्या डोळ्यांदेखत ते समुद्रावर निघून गेले. अडवायला नौदल नव्हते. त्याच महिन्यात फ्रेंच प्रायव्हेटियरवर काम केलेल्या गिडियन हेनफील्ड या अमेरिकी खलाशावर खटला चालला आणि ज्यूरीने त्याला सोडून दिले. ज्या कृत्याविरुद्ध संसदेने कायदाच केलेला नाही, त्यासाठी माणसाला तुरुंगात कसे टाकायचे, हा पेच खरा होता. सरकारने २९ प्रश्नांची यादी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवली, तर न्यायमूर्तींनी सल्ला देणे हे आमचे काम नाही म्हणून नकार दिला.

यानंतर जे घडले ते मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते, आणि लोकप्रिय इतिहासात त्याला सर्वांत कमी जागा मिळते. ऑगस्ट १७९३ मध्ये मंत्रिमंडळाने बंदरांसाठी नियम ठरवले आणि अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी ते प्रत्येक कस्टम कलेक्टरला पाठवले. केवळ युद्धालाच उपयोगी पडेल असे साहित्य कोणत्याही युद्धमान देशाच्या जहाजावर चढवायचे नाही. व्यापारी जहाजाला आणि लढाऊ जहाजाला सारखेच लागणारे साहित्य, म्हणजे दोर, शिडे, डांबर, चढवता येईल. कलेक्टरने आपल्या हद्दीतल्या जहाजांवर नजर ठेवायची आणि संशय आला की गव्हर्नर व सरकारी वकिलाला कळवायचे. कोणते जहाज कोणत्या गोदीत आहे, त्याच्या बाजूला तोफांसाठी नवी भोके पाडली आहेत का, इतक्या बारीक पातळीवर तटस्थता आणून ठेवली गेली. ५ जून १७९४ च्या कायद्याने मागची पोकळी भरून निघाली. परक्या देशासाठी अमेरिकी बंदरात जहाज शस्त्रसज्ज केले तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि जहाज जप्त; जप्तीतला निम्मा वाटा खबर देणाऱ्याला. बंदरात शंभर डोळे लागतात आणि पगारी माणसे चार, हे ओळखून ते कलम घातलेले आहे.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'बेट्सी' या गलबताच्या खटल्यात ठरवले की, परक्या देशाच्या वकिलातीला अमेरिकेच्या भूमीवर पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणारी न्यायालये चालवता येणार नाहीत. त्याआधी, नोव्हेंबर १७९३ मध्ये, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांची हद्द कळवून टाकली होती. डेलावेअरच्या उपसागरात फ्रेंचांनी पकडलेले 'ग्रेंज' हे ब्रिटिश जहाज अमेरिकेने मागून घेऊन परत केले. एवढेच करून ते थांबले नाहीत. आमच्या बंदरात बेकायदा सजलेल्या प्रायव्हेटियरने तुमचे जहाज पकडले आणि आम्हाला ते सोडवता आले नाही, तर भरपाई आम्ही देऊ, असे जेफरसन यांनी ब्रिटिश दूत हॅमंड यांना लिहून दिले. स्वतःच्या चुकीची किंमत मोजायला तयार असलेल्या देशालाच दुसऱ्याकडे भरपाई मागण्याचे तोंड असते. पुढच्याच वर्षी त्याचा उपयोग झाला.

६ नोव्हेंबर १७९३ च्या ब्रिटिश हुकुमाने फ्रेंच वसाहतींचा माल नेणारे किंवा तिथे सामान पोचवणारे कोणतेही जहाज धरायला मुभा दिली. हुकूम काही आठवडे गुप्त ठेवला गेला, त्यामुळे कॅरिबियन बेटांवरची अमेरिकी जहाजे बेसावध सापडली. सुमारे २५० जहाजे धरली गेली. आधार होता '१७५६ च्या नियमा'चा. शांततेत जो व्यापार एखादा देश परक्यांना करू देत नाही, तो युद्ध सुरू झाल्यावर तटस्थांना उघडून देता येत नाही.

जॉन जे यांनी १९ नोव्हेंबर १७९४ ला लंडनमध्ये केलेल्या तहात 'तटस्थ जहाजावरचा माल तटस्थ' हे तत्त्व मिळाले नाही. शत्रूचा माल जहाजावरून उतरवून घेण्याचा ब्रिटनचा हक्क मान्य झाला, जहाजबांधणीचे लाकूड आणि डांबर युद्धनिषिद्ध मालाच्या यादीत गेले. सिनेटमध्ये तह २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे दोन तृतीयांशाच्या अगदी काठावर पार पडला. लोकांचा राग समजण्यासारखा होता. पण सातवे कलम पाहा. जप्त झालेल्या जहाजांची भरपाई ठरवायला पाच जणांचे मंडळ नेमले गेले, दोन ब्रिटिश, दोन अमेरिकी आणि पाचवा चिठ्ठी टाकून. चिठ्ठी निघाली जॉन ट्रंबुल या अमेरिकी चित्रकाराची. या मंडळाकडून अमेरिकी व्यापाऱ्यांना एक कोटी डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. त्याच कलमानुसार, हॅमंड यांना दिलेल्या शब्दापोटी अमेरिकेने ब्रिटिशांना दिले सुमारे १ लाख ४३ हजार डॉलर. बंदरे नीट राखल्याचा हा रोख फायदा होता. एका महासत्तेकडून, तिचे युद्ध चालू असताना, तोफ न डागता एवढी रक्कम वसूल करणे ही लहान गोष्ट नव्हे.

तेरावे कलम आपल्याकडच्या बंदरांशी जोडलेले आहे. त्याने अमेरिकी जहाजांना मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बंदरांत व्यापाराची मुभा दिली, मात्र इथून भरलेला माल थेट अमेरिकेलाच न्यायचा आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा व्यापार करायचा नाही, अशा अटींवर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीमुळे कित्येक ब्रिटिश व्यापाऱ्यांनाही जे मिळत नव्हते, ते परक्यांना मिळाले.

तहाची दुसरी किंमत फ्रान्सने वसूल केली. जून १७९७ पर्यंतच्या साधारण वर्षभरात फ्रेंचांनी ३१६ अमेरिकी जहाजे धरल्याचा अहवाल परराष्ट्रमंत्री पिकरिंग यांनी दिला. फ्रान्सने ठरवलेल्या नमुन्यातली खलाशांची यादी जहाजावर नाही, एवढ्या कारणावरून जप्ती होत होती. १७९८ ते १८०० अघोषित युद्ध झाले. नंतरच्या तहात अमेरिकेने आपल्या व्यापाऱ्यांचे फ्रान्सवरचे दावे सोडले, आणि ते दावे न्यायालयापुढे नेण्याचा कायदा व्हायला १८८५ साल उजाडले.

आता सोयीच्या व्यवहाराकडे येतो. १७९० मध्ये अमेरिकेतून परदेशी मालाची पुनर्निर्यात जेमतेम ५ लाख डॉलरची होती. १८०६ मध्ये ती ६ कोटींवर गेली. हा माल होता क्युबाची साखर, फ्रेंच बेटांची कॉफी. '१७५६ च्या नियमा'ने तो थेट युरोपात नेता येत नव्हता, म्हणून मधे अमेरिकेत थांबा घेतला जाई. जहाज सेलम किंवा बाल्टिमोरला लागायचे, माल धक्क्यावर उतरायचा, जकातीसाठी जामीनखत लिहून दिले जायचे, तोच माल पुन्हा चढायचा, निर्यातीचा दाखला मिळायचा आणि जकातीचा जवळजवळ सगळा परतावा हाती यायचा. कागदोपत्री साखर अमेरिकी झाली. १८०० मध्ये 'पॉली' खटल्यात ब्रिटिश न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांनी हे चालवून घेतले, माल उतरला आणि जकात भरली म्हणजे प्रवास तुटला, पुढचा प्रवास नवा. पण १८०५ मध्ये 'एसेक्स' खटल्याच्या अपिलात निकाल फिरला. हे जहाज बार्सिलोनाहून सेलमला आणि तिथून हवानाला निघाले होते. आता विचारले गेले की, मालकाचा मूळ हेतू काय होता? माल खरोखर अमेरिकेत विकायला आणला होता, हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर पडला.

याचा समुद्रावरचा अर्थ फार जाचक होता. युद्धनौका इशाऱ्याची तोफ डागते, बोट येते, अधिकारी नोंदणीपत्र, मालाची बिले, भाडेकरार, खलाशांची यादी, रोजनिशी मागतो. संशय आला की जहाजावर आपली माणसे चढवून ते हॅलिफॅक्सला किंवा बहामात नासाऊला नेतो. न्यायालयात साक्ष घेतात ती ठरलेल्या प्रश्नावलीवर, आणि मुख्य पुरावा म्हणजे जहाजावर सापडलेले कागद. मालक बोस्टनमध्ये, कागद नासाऊत, अपील लंडनमध्ये. जहाज सुटले तरी 'संशयाला जागा होती' असे ठरले, तर पकडणाऱ्याचा खर्चही मालकानेच द्यायचा. तोवर कॉफी भिजलेली, बाजार उतरलेला. जकातीचा परतावा हेच आता मालकाविरुद्धचे साधन झाले. जकात परत मिळाली, म्हणजे माल कधी देशात आलाच नाही, असा युक्तिवाद. तो निर्दय होता, पण पोकळ नव्हता, हे अमेरिकेत फार थोड्यांनी कबूल केले.

खलाशांच्या बाबतीतही असेच होते. ब्रिटिश कायद्यात जन्माने आलेली निष्ठा कधी सुटत नव्हती; अमेरिकेत पाच वर्षांनी नागरिकत्व मिळत होते. अमेरिकी जहाजावर पगार कितीतरी जास्त, त्यामुळे ब्रिटिश नाविक पळून यायचे. १७९६ च्या कायद्याने कस्टम कलेक्टर २५ सेंट घेऊन खलाशाला दाखला देऊ लागला, त्यात नाव, वय, उंची, वर्ण, जन्मगाव. हे दाखले विकले गेले, हरवले म्हणून पुन्हा घेतले गेले, खोट्या शपथेवर मिळाले. परिणामी खऱ्या अमेरिकी खलाशाच्या खऱ्या दाखल्यालाही ब्रिटिश अधिकारी किंमत देईनासा झाला. १८१२ पर्यंत अमेरिकी सरकारकडे ६,००० हून अधिक माणसे पळवल्याच्या नोंदी होत्या. त्या प्रत्येक माणसामागे घर होते, आणि या अन्यायाला कोणतीही सबब पुरत नाही.

पण १८०७ च्या एप्रिलमध्ये काय झाले तेही सांगायला हवे. ब्रिटिश खलाशांना आमच्या जहाजांवर घेणार नाही, त्या बदल्यात तुम्ही आमच्या जहाजांवरून माणसे उतरवणे बंद करा, असा प्रस्ताव अमेरिकेच्या मनात होता. अर्थमंत्री गॅलॅटिन यांनी हिशेब केला, तर परदेशी व्यापारातल्या कुशल खलाशांपैकी सुमारे ९,००० ब्रिटिश निघाले. ते गेले तर जहाजे हलणार नाहीत. जेफरसन यांनी प्रस्ताव बाजूला ठेवला. अशी बंदी घालणारा कायदा संसदेने केला तो ३ मार्च १८१३ रोजी, युद्ध चालू असताना.

त्याआधीची संधीही अशीच दवडली होती. अमेरिकी दूत मन्रो आणि पिंकनी यांनी ३१ डिसेंबर १८०६ ला ब्रिटनशी केलेल्या तहात पुनर्निर्यातीचा मार्ग निश्चित आकड्यांनी मोकळा झाला होता. परतावा वजा जाता युरोपी मालावर किमान १ टक्का आणि वसाहतींच्या मालावर २ टक्के जकात खरोखर भरलेली असली, की प्रवास तुटला असे मानायचे. हेतू शोधत बसण्यापेक्षा हा नियम शंभरपट बरा. कुठलाही कारकून तो तपासू शकला असता. खलाशांबद्दल तहात कलम नव्हते, फक्त सावधगिरी बाळगण्याचे वेगळे पत्र होते. शिवाय ब्रिटनशी व्यापार बंद करणाऱ्या नेपोलियनच्या बर्लिन हुकुमाला उत्तर देण्याचा हक्क ब्रिटनने राखून ठेवला होता, आणि ही अट गिळणे अवघड होते हे मला मान्य आहे. तरीही जेफरसन यांनी तह सिनेटपुढे ठेवलाच नाही, ही माझ्या मते गंभीर चूक होती. सगळे मिळत नाही म्हणून मिळणारे सोडले, आणि हातात दुसरे काही नव्हते.

सहा महिन्यांत, २२ जून १८०७ ला, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यासमोर 'लेपर्ड' या ५० तोफांच्या ब्रिटिश जहाजाने अमेरिकेच्या 'चेसापीक' या युद्धनौकेवर तोफा डागल्या, तिघे जागीच ठार झाले आणि चार जणांना ब्रिटिश नौदलातले पळपुटे म्हणून नेण्यात आले. त्यांतले तिघे अमेरिकी होते. 'चेसापीक'ची अवस्था पाहण्यासारखी आहे. तोफांभोवती सामान रचलेले, दारूची शिंगे भरलेली नाहीत, बत्त्या पेटवलेल्या नाहीत. एका अधिकाऱ्याने भटारखान्यातला निखारा उचलून आणला तेव्हा एकच तोफ उडाली. हक्क मागणाऱ्या देशाच्या नौदलाची ही तयारी होती. जेफरसन यांचा भर होता किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या छोट्या तोफनौकांवर.

मग २२ डिसेंबर १८०७ ची व्यापारबंदी. ब्रिटनने नोव्हेंबरमध्ये युरोपकडे जाणाऱ्या तटस्थांना आपल्या बंदरातून, आपली जकात भरून जाण्याची सक्ती केली होती, आणि तिकडे स्वतःच्या व्यापाऱ्यांना शत्रूशी व्यवहार करायला हजारोंनी परवाने वाटत होते. नेपोलियनने मिलान हुकुमाने उलट फर्मावले की, ब्रिटनपुढे असे झुकलेले जहाज ब्रिटिशच समजले जाईल. दोन्ही हुकूम अन्यायी होते. उत्तर म्हणून जेफरसन यांनी आपलीच जहाजे बंदरात बांधली. निर्यात १८०७ मधल्या १० कोटी ८० लाख डॉलरवरून १८०८ मध्ये २ कोटी २४ लाखांवर आली. शँप्लेन सरोवर, मेनजवळचा पासामाक्वाडी उपसागर, दक्षिणेत सेंट मेरी नदी, सगळीकडून चोरटा माल वाहू लागला. नेपोलियनने बायोन हुकुमाने फ्रेंच बंदरांतली अमेरिकी जहाजे जप्त केली. तुमच्याच कायद्याने यांना बाहेर असण्याचा अधिकार नाही, हे कारण दिले. जानेवारी १८०९ च्या कायद्यात जामीनखताची रक्कम जहाज आणि मालाच्या किमतीच्या सहापट झाली. तटस्थता राखण्यासाठी १७९३ मध्ये उभे केलेले तेच कस्टम खाते आता स्वतःच्या नागरिकांच्या पिठाच्या पोत्यांमागे लागले, आणि त्याची पत गेली. कायमच्या व्यापारबंदीपेक्षा युद्ध पत्करले, असे गॅलॅटिन यांनी आधीच लिहून ठेवले होते.

नौदल असते तर हे टळले असते, असे काही जण म्हणतात. डेन्मार्ककडे नौदल होते. सप्टेंबर १८०७ मध्ये ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफगोळ्यांचा वर्षाव केला आणि तेच नौदल ओढून नेले. छोटे नौदल महासत्तेला रोखत नाही. पण न्यूयॉर्कच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येक जहाज थांबवणाऱ्या दोन-तीन ब्रिटिश फ्रिगेटना, म्हणजे वेगवान युद्धनौकांना, ते महाग पडू शकते, आणि अमेरिकेला तेवढेच हवे होते. तह, भरपाई मंडळ आणि हे छोटे नौदल मिळून जे साधले असते, ते यांपैकी कोणत्याही एकाने साधले नसते.

१८ जून १८१२ ला युद्ध जाहीर झाले, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३, प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९. पाचच दिवसांनी, २३ जूनला, ब्रिटनने तटस्थ व्यापारावरचे १८०७ चे ते हुकूम मागे घेतले. बातमी अटलांटिक ओलांडून यायला कित्येक आठवडे लागले. २४ डिसेंबर १८१४ च्या गेंटच्या तहात खलाशांचा शब्द नाही, तटस्थांच्या हक्कांचाही नाही.

१७९३-९४ मध्ये बंदरांत उभे केलेले काम मात्र टिकले. ब्रिटनने १८१९ मध्ये त्याच धर्तीवर आपला कायदा केला. १८६२ मध्ये बर्कनहेडच्या गोदीतून 'अलाबामा' हे जहाज चाचणीच्या निमित्ताने बाहेर पडले आणि अझोर्स बेटांजवळ तोफा चढवून अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणी बंडखोरांसाठी लढू लागले. अमेरिकी वकिलातीने वेळेत दिलेले पुरावे ब्रिटिश सरकारी विधी अधिकाऱ्याच्या आजारपणात पडून राहिले होते. १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने या आणि अशाच इतर जहाजांबाबतच्या हलगर्जीपणाबद्दल ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले.

तुटलेल्या प्रवासाच्या सिद्धान्ताचे उलटे झाले. त्याच यादवी युद्धात नाकेबंदी करणारी अमेरिका होती, आणि तिच्या न्यायालयांनी 'बर्म्युडा' आणि 'स्प्रिंगबॉक' खटल्यांत नासाऊला निघालेल्या ब्रिटिश मालाचा अंतिम हेतू शोधून तो जप्त केला, 'एसेक्स'च्याच तर्काने. ब्रिटिश सरकारने फारसा विरोध केला नाही. १९१५ मध्ये 'किम' खटल्यात कोपनहेगनला निघालेली अमेरिकी चरबी आणि मांस जप्त करताना लंडनच्या न्यायाधीशांनी आधार घेतला तो अमेरिकेच्या याच निकालांचा.